बैठकीत विद्यार्थी कोणाच्या वतीने बसतो?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 या कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात एक महाविद्यालय विकास समिती असावी असे सांगितले आहे. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या, अंदाजपत्रकावर शिफारस करायची, विकासाचा आराखडा तयार करायचा, विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचे उपाय सुचवायचे, अशी तिची कामे. संस्थाचालक, प्राचार्य, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्याबरोबर या समितीवर विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवालाही जागा दिलेली आहे. हे दोघे खुल्या निवडणुकीतून यावेत, हेही त्याच कायद्यात आहे. कायदा मार्च 2017 पासून लागू झाला. निवडणुका 2019 मध्ये व्हायच्या होत्या. विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या, मग करोना आला, आणि विषय मागे पडला तो पडलाच.

निवडणूक न झाल्याचे दुःख सहसा वेगळ्या अंगाने मांडले जाते. नेतृत्व घडत नाही, राजकारणाला नवे रक्त मिळत नाही, एकेकाळी विद्यार्थी चळवळीतून मोठमोठे पुढारी आले, वगैरे. मला हा युक्तिवाद दुय्यम वाटतो. उद्याचे आमदार तयार करणे हे विद्यार्थी परिषदेचे मुख्य काम नव्हे. शुल्क, परीक्षा, वसतिगृह, वेळापत्रक यांचे निर्णय ज्या टेबलावर होतात, तिथे त्या निर्णयांचे परिणाम भोगणाऱ्यांच्या बाजूने कोणी बोलायला हवे, हे मुख्य काम. आणि तिथे बसलेला विद्यार्थी कोणामुळे तिथे आला, यावर तो काय बोलू शकेल हे बऱ्याच अंशी ठरते.

1989 साली मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने पर्याय दिला तो गुणवत्तेचा. आदल्या वर्षीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्यांनी वर्ग प्रतिनिधी म्हणून नेमायचे. एका तरुणाचा जीव गेलेला असताना घेतलेल्या या निर्णयामागची काळजी खरी होती, हे मी मान्य करतो. पण त्यातून एक सवय रुजली, ती अजून गेलेली नाही. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणजे संस्थेला आवडणारा हुशार विद्यार्थी, अशी ती सवय.

हुशार विद्यार्थ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र पहिल्या श्रेणीत आलेल्या मुलीला एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षाला गेलेल्या मुलाची अडचण ठाऊक असेलच असे नाही. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधीच पुढच्या परीक्षेचा अर्ज भरावा लागतो, तेव्हा पैसे दोनदा कुठून आणायचे हा प्रश्न तिच्यापुढे कधी आलेला नसतो. आणि आला, तरी तो बैठकीत मांडताना तिला समोर बसलेल्या प्राचार्यांकडे पाहावे लागते, कारण तिची नेमणूक त्यांनीच केलेली असते. निवडून आलेल्या प्रतिनिधीला बाहेर गेल्यावर वर्गाला तोंड द्यायचे असते. या दोन धाकांतला फरकच मला महत्त्वाचा वाटतो.

गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने पाहावे अशी एक विसंगती आपल्या नियमांतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीवर एक विद्यार्थी असतो. तो अभ्यास, क्रीडा किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवरून नेमलेला असतो, आणि त्याचा दर्जा विशेष निमंत्रिताचा. याच आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2015 च्या विनियमांत मात्र वेगळी तरतूद आहे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर अंतर्गत समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तिन्ही स्तरांवरचे तीन विद्यार्थी असावेत आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. सर्वांत नाजूक, सर्वाधिक गोपनीयतेच्या समितीसाठी विद्यार्थ्यांच्या मतावर विश्वास ठेवला आहे. मग वसतिगृहाच्या पाण्याची किंवा परीक्षा शुल्काची तक्रार ऐकणाऱ्या समितीसाठी तो का ठेवता येत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

2017 चा उन्हाळा मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात असेल. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. उत्तरपत्रिका होत्या सुमारे 17 लाख. कुलपतींनी 31 जुलैची मुदत घालून दिली, ती पाळली गेली नाही, निकाल पुढे लांबतच गेले. परदेशात किंवा दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांचे अतोनात हाल झाले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. निवडून आलेला विद्यार्थी असता तर हे टळले असते, असा दावा मी करणार नाही. यंत्रणा, कंत्राट, प्राध्यापकांचे प्रशिक्षण हे सारे प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पण निकाल लांबला तर ज्यांचे पुढचे प्रवेश अडकतील त्यांनी काय करायचे, हा साधा प्रश्न वेळेवर विचारण्याचा अधिकार आणि गरज दोन्ही त्याच्याकडे असती. तो प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला, पण रस्त्यावर, निवेदने देऊन, मोर्चे काढून, आणि तोवर निर्णय होऊन गेला होता.

निवडणुका बंद झाल्या म्हणून विद्यार्थी संघटना बंद झाल्या नाहीत. त्यांचे फलक लागतात, शाखा चालतात, कुलगुरूंच्या दालनाबाहेर ठिय्या दिला जातो. फक्त कोणाच्या मागे किती विद्यार्थी आहेत हे मोजायची सोय उरली नाही. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकले जाते. हिंसेची भीती बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. विद्यार्थी निवडणुकांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने 2006 मध्ये हिंसा आणि पैसा यांवर बंधने सुचवली, निवडणुका गुंडाळून टाका असे सांगितले नाही. उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांपर्यंत, छापील पोस्टरना मनाई, 75 टक्के उपस्थिती, सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत मतदान. सर्वोच्च न्यायालयाने या शिफारशी लागू केल्या. नियम आहेत, ते राबवण्याची तयारी हवी.

तरीही निवडणूक झाली की प्रतिनिधित्व आपोआप घडते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रतिनिधीचा कार्यकाळ जेमतेम वर्षाचा, त्यातही परीक्षांचे महिने वजा. समोरचे सदस्य वर्षानुवर्षे तेच. मागच्या ठरावांची पार्श्वभूमी त्यांना तोंडपाठ, आणि हा मुलगा इतिवृत्त पहिल्यांदा उघडतोय. कार्यक्रमपत्रिका आदल्या दिवशी हातात पडली, तीही प्रशासकीय इंग्रजीत, तर तो मान डोलावण्याखेरीज काय करणार? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत नाशिक जिल्हाही येतो. सुरगाण्याच्या महाविद्यालयातली मुलगी एसटीच्या वेळेवर अवलंबून असते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांकांनी तिचे वेळापत्रक संध्याकाळपर्यंत लांबले, तर विद्यापीठाच्या पातळीवर बसणाऱ्या, पुण्यात राहणाऱ्या प्रतिनिधीला ते कळणार कसे? कोणीतरी त्याला सांगायला हवे, आणि त्याने ऐकायची सवय लावून घ्यायला हवी.

म्हणून मला निवडणुकीइतकीच तिच्यानंतरची व्यवस्था महत्त्वाची वाटते. बैठकीच्या किमान आठ दिवस आधी कागद मराठीतून मिळावेत. त्या आठ दिवसांत वर्ग प्रतिनिधींची सभा व्हावी आणि बैठकीनंतर पुन्हा एक व्हावी. त्यात काय मागितले, काय मिळाले आणि का नाकारले, हे प्रतिनिधीने सांगावे. प्रतिनिधीचे म्हणणे फेटाळले गेले तर कारण इतिवृत्तात नोंदवावे. जाणाऱ्या अध्यक्षाने येणाऱ्याला वर्षभराची फाइल द्यावी. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही.

यापेक्षा पुढे गेलेल्या जागा जगात आहेत. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात 1918 साली विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या कारभारात वाटा मागितला. आज ब्युनॉस आयर्स विद्यापीठात प्रत्येक विद्याशाखेच्या परिषदेवर आठ प्राध्यापक, चार पदवीधर आणि चार विद्यार्थी बसतात, मत देतात, कधी हरतात, कधी जिंकतात. आपल्याकडे पदवीधरांना विद्यापीठाच्या अधिसभेवरील दहा जागांसाठी मतदान करता येते. मुंबई विद्यापीठात ते 2024 मध्ये, न्यायालयात जावे लागल्यानंतर का होईना, झाले. पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला मत आहे आणि आज वर्गात बसणाऱ्याला नाही. राज्य शासनाने येत्या शैक्षणिक वर्षासाठी विद्यार्थी परिषदांच्या निवडणुकीचे वेळापत्रक जाहीर करावे, आणि महाविद्यालयांनी तोवर न थांबता विकास समितीची पुढची कार्यक्रमपत्रिका प्रत्येक वर्गाच्या सूचनाफलकावर लावायला सुरुवात करावी.