ट्रोल किती वेळा मारतो?

१९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून तीन पातळ पुस्तिकांचा एक संच विक्रीला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ. त्याच्या दुसऱ्या पुस्तिकेत राक्षसांच्या कोष्टकालगत एक छोटी टीप आहे. तिचा आशय असा: सामान्य माणसांशी लढताना राक्षसाला त्याच्या प्रत्येक ‘हिट डाय’मागे, म्हणजे त्याचे जीवबळ ठरवणाऱ्या प्रत्येक फाशामागे, एक फेक मिळते, वरचा जादा गुण मात्र एकाच फेकीत धरायचा, म्हणजे ट्रोल सहा वेळा वार करील आणि त्यातल्या एका फेकीत तीन मिळवायचे.

टीप एवढीच. आता सामान्य माणूस म्हणजे कोण? खेड्यातला शेतकरी नक्कीच. पण पहिल्याच मोहिमेवर तलवार घेऊन निघालेला कोवळा योद्धा सामान्य धरायचा की असामान्य? शिवाय त्या संचात लढाईच्या दोन रीती होत्या. एक गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळातून आलेली, दुसरी पर्याय म्हणून दिलेली, वीस बाजूंच्या फाशाची. टीप यांपैकी कोणत्या रीतीला लागू? एका वाचनात ट्रोलला सहा फेका मिळतात, दुसऱ्यात एकच. वेगळे सांगितले नसेल तर प्रत्येक वाराचे नुकसान १ ते ६ असा तेव्हाचा नियम होता. सहाही वार लागले तर सरासरी २१ गुणांचे नुकसान, एकच लागला तर साडेतीनचे. पहिल्या पायरीवरच्या योद्ध्याकडे जीवबळाचे म्हणजे ‘हिट पॉइंट्स’चे गुण २ ते ७ एवढेच असत. तो जगणार की मरणार, हे टिपेच्या अर्थावर ठरत होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इथे पट असलाच पाहिजे असे नाही. एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. तो अंधारी गुहा, पूल, दुर्गंधी, पावलांचा आवाज असे सगळे शब्दांत उभे करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, ठरवतात, लढतात. अनिश्चित गोष्टींचा निकाल फासे देतात. राक्षस या खेळात दोन ठिकाणी राहतो: मास्टरच्या वर्णनात, आणि पुस्तकातल्या चार-सहा आकड्यांच्या ओळीत. ही ओळ संदिग्ध असते तेव्हा काय करावे, हा माझा प्रश्न आहे. तो क्षुल्लक वाटू शकतो, पण मला तो वाचनाच्या नीतीचा प्रश्न वाटतो. कारण इथे एका माणसाने लावलेल्या अर्थाचे परिणाम टेबलाभोवतीच्या इतरांना भोगावे लागतात, आणि अर्थ लावणाराच राक्षसाच्या बाजूने फासे टाकत असतो.

ट्रोलचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने राक्षसांना वेगवेगळे वार आणि वेगवेगळे नुकसान दिले. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ट्रोलपुढे हल्ल्यांची संख्या ३ आणि नुकसान ५-८/५-८/२-१२ असे छापले आहे. दोन पंजे आणि एक चावा. तीनही लागले तर सरासरी २० होते, म्हणजे जुन्या सहा वारांच्या एकवीसच्या अगदी जवळ. १९८१च्या ‘एक्स्पर्ट’ नियमांत तोच ट्रोल १-६/१-६/१-१० एवढा सौम्य झाला, सरासरी साडेबारा. संख्या बदलत गेल्या, पण १९७७पासून शरीर ठरून गेले: लांब हातांचा, नखांचा, दातांचा, तोडला तरी पुन्हा जुळणारा प्राणी. हे शरीरही कोष्टकातून आलेले नव्हते. पोल अँडरसन यांच्या १९६१ सालच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतल्या ट्रोलवरून ते घेतलेले होते. आधी प्राणी दिसला, मग त्याचे आकडे झाले. संदिग्ध ओळ वाचताना हा क्रम विसरू नये, असे माझे म्हणणे आहे.

आता त्या तिरप्या रेघेकडे या. ५-८/५-८/२-१२ मधली रेघ ‘आणि’ म्हणते की ‘किंवा’? ट्रोलच्या बाबतीत शेजारी ३ हा आकडा असल्याने ‘आणि’ हे उघड आहे. सगळीकडे तसे नसते. आपल्याकडे मीमांसकांनी हाच प्रश्न यज्ञविधींच्या संदर्भात शतकानुशतके घासूनपुसून तपासला आहे. दोन गोष्टी सांगितल्या असतील तर त्यांचा समुच्चय करायचा की विकल्प मानायचा? भाताने यजन करावे असेही विधान आहे आणि यवाने करावे असेही. दोन्हींचे प्रयोजन एकच, म्हणून तिथे विकल्प. पण विकल्प हा शेवटचा उपाय, कारण तो मानला की आठ दोष पत्करावे लागतात, अशी त्यांची भूमिका होती. ज्या प्रयोगात भात घेतला त्यात शेवटपर्यंत भातच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या नियमांची सविस्तर चर्चा आहे. खेळाच्या टेबलावर यज्ञ आणण्याचा माझा हेतू नाही. पण ग्रंथकार समोर नाही, विधान त्रोटक आहे आणि कृती तर करायचीच आहे, अशा वेळी वाचायचे कसे याचा इतका कसून विचार ज्या परंपरेने केला, ती आपल्या हाताशी असताना वापरू नये हे मला पटत नाही.

तिच्यातून दोन गोष्टी मी घेतो. छापलेला कोणताही आकडा निरर्थक ठरवू नये, ही एक. एकदा घेतलेला अर्थ त्या प्रयोगात सोडू नये, ही दुसरी.

तरीही केवळ अक्षर धरून भागत नाही. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधला ओगर घ्या. नऊ फुटांहून उंच, आडदांड. नुकसान १-१०, किंवा हातातल्या शस्त्राप्रमाणे. त्याच नियमांत सुरीचे नुकसान १-४. अक्षरशः वाचले तर ओगरच्या हाती सुरी दिल्याबरोबर तो रिकाम्या हातांपेक्षा दुबळा होतो. असे वाचन व्याकरणाने बरोबर आणि प्राण्याच्या दृष्टीने खोटे आहे. ज्या बाहूंनी दहा गुणांचा तडाखा बसतो त्याच बाहूंनी ती सुरी चालणार आहे. इथे मी बेधडक शरीराच्या बाजूने निकाल देईन: सुरी हे त्याचे निमित्त आहे, बळ त्याचे स्वतःचे.

शरीर पाहून अर्थ लावणे म्हणजे दर वेळी सौम्य अर्थ लावणे नव्हे. १९८१च्या ‘बेसिक’ नियमांतला ‘कॅरियन क्रॉलर’ हा मेलेल्या मांसावर जगणारा, नऊ फूट लांबीचा, अनेक पायांचा किडा. त्याच्या तोंडाभोवती दोन-दोन फुटांचे आठ शुंडक. हल्ले ८, आणि नुकसानाच्या जागी आकडाच नाही, फक्त ‘लुळेपणा’ हा शब्द. शुंडकाचा स्पर्श झाला की बचावाची फेक करायची. ती फसली तर माणूस २ ते ८ ‘टर्न’, म्हणजे २० ते ८० मिनिटे, जागच्या जागी खिळतो. मग किडा त्याला खातो. एका फेरीत चार शुंडक लागले, तर बचावाच्या फेका चार की एकच? नवख्या योद्ध्याला लुळेपणाविरुद्ध वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त हवे, म्हणजे वाचण्याची शक्यता ३५ टक्के. चार वेळा फेकायचे ठरले तर चारही वेळा वाचण्याची शक्यता दीड टक्का उरते. पस्तीस आणि दीड! एवढा फरक पुस्तकातल्या एका न लिहिलेल्या शब्दामुळे पडतो.

माझे मत कठोर अर्थाकडे आहे. शुंडक वेगळे, स्पर्श वेगळा, विष वेगळे. म्हणून फेकही वेगळी. आठ हा आकडा असाच पुरता सार्थ होतो. पण सगळे शुंडक तोंडाभोवती आहेत, ते फक्त दोन फूट पोचतात, म्हणून किड्याच्या पाठीमागून किंवा लांबून लढणाऱ्याला त्यांची भीती नाही, हेही त्याच शरीरावरून निघते. ज्या वर्णनाने किडा भयंकर केला त्यानेच त्याच्यावर मात करायची वाटही दाखवली. इथे मास्टरवर एक जबाबदारी येते. कठोर अर्थ घ्यायचा असेल तर त्याच्या खुणा आधी दिसल्या पाहिजेत: कुजका वास, छतावरून सरपटल्याचा आवाज, उघड्या डोळ्यांनी पडलेला, जखम नसलेला माणूस. हे ऐकूनही जे पुढे जातील त्यांनी स्वतः धोका पत्करलेला असेल.

आकड्यांतल्या संदिग्धतेचा आणखी एक प्रकार आहे आणि तो सहसा नजरेतून सुटतो. जुन्या पुस्तकांत नुकसान कोणत्या फाशांनी काढायचे ते सांगितलेले नसे, फक्त कमाल आणि किमान दिलेली असे. २-१२ म्हटले की सहा बाजूंचे दोन फासे, हे सहज कळते. पण ३-१२? चार बाजूंचे तीन फासे, की दहा बाजूंच्या एका फाशात दोन मिळवायचे? सरासरी दोन्हीकडे साडेसात येते, म्हणून अनेक जण हा भेद सोडून देतात. तो सोडण्यासारखा नाही. दहा ‘हिट पॉइंट्स’ उरलेल्या जादूगाराला एका फटक्यात आडवे करण्याची शक्यता पहिल्या रीतीत ६४ पैकी १०, म्हणजे साधारण सोळा टक्के. दुसऱ्या रीतीत तीस टक्के. सरासरी तीच राहून धोका जवळपास दुप्पट होतो. इथेही मी प्राण्याकडे पाहतो. एकसारखा, जड, चुकायला वाव नसलेला आघात असेल, जसे अजगराचे आवळणे, तर तीन फासे. लहरी, कधी ओरखडा तर कधी घाव अशी झेप असेल, तर एक फासा. याला पुस्तकात आधार नाही. पण निदान कारण सांगता येते, आणि टेबलाभोवतीचा कुणीही त्यावर वाद घालू शकतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्थ कोणता लावला यापेक्षा केव्हा लावला हे अधिक पाहावे. फासे पडल्यावर, कोणाचे पात्र मरणाच्या दारात आहे हे दिसल्यावर, मास्टर पुस्तक उघडून ‘इथे ही रेघ म्हणजे किंवा’ असे म्हणू लागला, तर तो वाचन करत नाही, निकाल हवा तसा वळवतो. दया म्हणून केले तरीही ते चूकच, कारण पुढच्या वेळी तोच अर्थ राग म्हणून उलटवता येतो. संशयाचा फायदा खेळाडूला द्यावा, हे तत्त्व मला एकाच प्रसंगी मान्य आहे: प्रश्न पहिल्यांदाच, ऐन लढाईत उपटला तेव्हा. त्या फेरीपुरते सौम्य वाचन घ्यावे, तसे सर्वांना सांगावे, आणि सत्र संपल्यावर कायमचा अर्थ ठरवून लिहून ठेवावा. प्रत्येक शंकेत खेळाडूलाच झुकते माप मिळू लागले तर ट्रोलची भीती उरत नाही, आणि भीतीशिवाय त्या गुहेत उतरण्यात शौर्यही उरत नाही.

नव्या आवृत्त्यांनी ही कटकट संपवत आणली आहे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ट्रोलच्या नोंदीत तीन हल्ले, एक चाव्याचा आणि दोन पंजांचे, असे पूर्ण वाक्य आहे. फासे आणि सरासरी दोन्ही छापलेल्या आहेत. हे चांगले झाले. पण त्यानंतरच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ट्रोलचे तीनही हल्ले आणि औलबेअर या घुबडमुखी अस्वलाचे दोन्ही हल्ले एकाच ‘फाडणे’ या नावाखाली आले. चोच कुठली आणि पंजा कुठला, हे आकड्यांवरून आता कळत नाही. संदिग्धता गेली, आणि तिच्याबरोबर ओळीतले शरीरही गेले. मला हा सौदा महाग वाटतो. १९७७ची ओळ अपुरी होती, पण तिच्यावरून प्राणी ओळखता येई.

म्हणून जुनी पुस्तके घेऊन खेळणाऱ्या प्रत्येक मास्टरला माझी विनंती आहे. सत्राआधी राक्षसांच्या ओळी वाचा. दोन अर्थ निघत असतील तिथे प्राण्याचे वर्णन पुन्हा वाचा, एक अर्थ निवडा, वहीत लिहा. आणि खेळाडूंनी विचारले तर पहिला फासा पडण्यापूर्वी तो त्यांना मोकळेपणाने सांगा.