एकाच गोळीची बंदूक

सावकाश वाचा. मनातल्या मनात बंदूक मांडीवर आडवी घ्या. आधी ती रिकामी आहे का ते पाहा. गज नळीत सोडा. रिकाम्या नळीची खूण गजावर कोरलेली असते. ती तोंडाच्या वर राहिली, तर आत बार ठासलेला आहे.

कोकणातले शेतकरी शेतराखणीला ठासणीची बंदूक ठेवत आले आहेत. ही तिच्याच जातीची, पण नळीत आटे असलेली. सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांनी एकोणिसाव्या शतकात रॉकी पर्वतात जाणाऱ्यांसाठी अशा बंदुका घडवल्या. जाड नळी, केपेवर आपटणारा घोडा, अंगी वजन. आपल्याकडे कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मात्र एल्क या मोठ्या हरणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. तिथे बंदुकीवर दुर्बीण चालत नाही, आणि एल्कसाठी नळीचा व्यास निदान अर्धा इंच लागतो.

आता निवडीकडे या. नळीचा विचार नंतर. आधी स्वतःला विचारा, मी जनावराच्या किती जवळ जाऊ शकेन? या प्रश्नापाशी थांबा, घाई नाही. ०.५४ इंची नळीत चिंधीत गुंडाळून बसवलेली शिशाची गोल गोळी साधारण साडेचौदा ग्रॅमची असते. तोंडातून ती जोरात सुटते, पण गोल असल्यामुळे तिचा वेग हवेत भराभर मरतो. दूरच्या एल्कला ती जखमी करील, मारणार नाही. गोल गोळीसाठी आट्यांचा वेढा संथ हवा, ६० ते ६६ इंचांत एक. लांबट गोळीला तो बराच घट्ट लागतो. माझी पसंती गोल गोळीला, कारण ती जवळ जायला भाग पाडते. दुसरी गोळी ठासेपर्यंत जखमी जनावर रानात नाहीसं झालेलं असतं.

आता बार झाल्यानंतरची वेळ मनात आणा. दमलेलं अंग, थंडी. काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक. तिची राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते, म्हणून सफाई उद्यावर टाकायची नाही. नळी काढा, कढत पाणी घ्या, चिंधी वरखाली फिरवा. पाणी काळं येईल, मग करडं, मग स्वच्छ. तापलेली नळी आपोआप सुकते. मग तेलाचा हलका हात. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी पुन्हा फिरवा. तांबूस डाग आला, तर काम राहिलं आहे.

शिकारीच्या सकाळी ते तेल पुसून काढा, आणि दारू भरण्याआधी नुसती केप उडवून ठिणगी आत नेणारा कान मोकळा आहे ना ते पाहा. तेलाने भिजलेली दारू पेटत नाही. आणि या नळीत बिनधुराची दारू कधीही भरू नका, नळी फुटते.