नाही म्हणायची ऐपत

खंबाटकी घाट चढायला पोराला गिअरची सायकल हवी होती. पुण्यातल्या दुकानात किंमत ऐकून मला घाम फुटला. 32 हजार! तासभर घासाघीस केली. "नाही परवडत, काका," म्हणत मालक दोनदा उठून गेला, दोनदा परत आला. शेवटी 29 हजारांवर सौदा झाला.

खंडाळ्यात टेम्पोतून सायकल उतरवली तेव्हा दिवस मावळला होता. फाट्यावर एक म्हातारी मेथी घेऊन बसलेली. जुडी 15 रुपयांची. सवयीनं मी म्हणालो, "दहाला दे." तिनं निमूट दिली.

पोरगं म्हणालं, "आबा, दुकानदार किती भांडला. ही का नाही भांडली?"

सायकल उद्याही सायकलच राहते. मेथी सकाळपर्यंत पिवळी पडते. माझे वडील टोमॅटो घेऊन मार्केट यार्डात जायचे, तेव्हा व्यापारी म्हणेल त्या भावाला मान हलवायचे. माल परत आणायचं भाडं कुठून द्यायचं?

घासाघीस करणं पाप नव्हे. पण समोरच्याला नाही म्हणायची ऐपत हवी. नाहीतर ते नुसतं ओरबाडणं.

मागं फिरून पाच रुपये दिले. म्हातारीनं ते फुकट घेतले नाहीत. मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली.