विजेची घराणी

जुन्या मोटारीचं बॉनेट उघडलं की इंजिनमागच्या पत्र्यावर एक लहानशी काळी पेटी दिसते. हा व्होल्टेज रेग्युलेटर. झाकण काढलं तर आत तांब्याच्या तारेची दोन किंवा तीन वेटोळी, प्रत्येकावर लोखंडी पट्टी, ती ओढून धरणारी स्प्रिंग आणि इवलेसे संपर्कबिंदू. डायनॅमोचा दाब (व्होल्टेज) वाढला की वेटोळं पट्टीला खेचतं, बिंदू सुटतात, फील्डचा, म्हणजे डायनॅमोतलं चुंबकत्व उभं करणारा प्रवाह रोधातून जाऊ लागतो आणि दाब उतरतो. उतरला की स्प्रिंग बिंदू पुन्हा मिटवते. गाडी धावते आहे तोवर ही उघडमीट सेकंदाला कितीतरी वेळा चालू राहते.

पेटीवर ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं असतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ती कुठल्या डायनॅमोसाठी बांधली आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

जपानमधल्या १९५०च्या दशकातल्या गाड्या सांभाळणाऱ्यांना हे फार जपून पाहावं लागतं, आणि त्याचं कारण इतिहासात आहे. डिसेंबर १९५२मध्ये निस्सानने ब्रिटनच्या ऑस्टिनशी करार केला. १९५३पासून इसुझू हिलमन मिंक्स जुळवू लागली, हिनो रेनॉची छोटी ४सीव्ही. मित्सुबिशीने विलीजची जीप घेतली. तीच सीजे-३बी मुंबईत महिंद्रांनीही बांधली. टोयोटातून १९४९मध्ये वेगळी झालेली निप्पॉनडेन्सो १९५३मध्ये जर्मनीच्या बॉशकडून तंत्र घेत होती. सुटे भाग लवकरात लवकर देशातच तयार व्हावेत, हा जपानी सरकारचा आग्रह होता, आणि निस्सानची ऑस्टिन १९५६पर्यंत संपूर्ण जपानी भागांची झाली. भाग जपानी झाले, तरी विजेची रीत ज्याच्या त्याच्या घराण्याचीच राहिली. ऑस्टिन आणि हिलमन या ब्रिटनच्या लुकास कंपनीच्या वळणाच्या गाड्या. त्यांच्यात बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. अमेरिकन जीपमध्ये ऋण टोक.

खरा फरक आणखी आत आहे. लुकासच्या डायनॅमोत फील्डचं एक टोक आतल्या आतच अर्थ केलेलं, म्हणजे बॉडीला जोडलेलं असतं आणि रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला वीज पुरवतो. विलीजच्या डायनॅमोत उलट: फील्डचं एक टोक आर्मेचरच्या बाजूला जोडलेलं आणि रेग्युलेटर दुसरं टोक अर्थ करतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींवर दोनच टर्मिनल दिसतात, तारा दोन्हीकडे बरोबर बसतात. तपासणीही म्हणूनच दोन प्रकारची. लुकासचा डायनॅमो तपासायला दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडायची. विलीजचा तपासायला फील्डचं टर्मिनल बॉडीला लावायचं. एकाची कसोटी दुसऱ्याला लावली, तर फील्डच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब मिळतो, चुंबकत्व उभं राहत नाही आणि ठणठणीत डायनॅमो मेल्यासारखा वाटतो. असे किती चांगले डायनॅमो भंगारात गेले असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं.

घराणं जुळलं तरी कुवत जुळायची राहतेच. लुकासचा सी-४० डायनॅमो साधारण २२ ॲम्पिअरचा. त्या काळच्या दोन वेटोळ्यांच्या लुकास पेटीत गाडीचा प्रवाहही काही जाड फेऱ्यांतून जातो, म्हणजे भार वाढला की रेग्युलेटर दाब आपोआप उतरवतो. या फेऱ्या ठरावीक डायनॅमो डोळ्यांसमोर ठेवून घातलेल्या असतात. मोठ्या डायनॅमोची पेटी लहानावर बसवली, तर ती त्याला कुवतीबाहेर राबवते. आर्मेचर तापतं, कम्युटेटरच्या जोडांतला डाख वितळतो आणि फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जातो. असा डायनॅमो उघडला की आतल्या भिंतीवर डाखाच्या थेंबांचं वर्तुळ दिसतं.

तोक्योच्या गर्दीत रखडणाऱ्या जुन्या गाडीत हा धोका वाढतो. मंद इंजिनावर डायनॅमो पुरेसं चार्जिंग करत नाही, म्हणून स्प्रिंग आवळायचा मोह होतो. पण स्प्रिंग आवळून मंद गतीतली वीज वाढत नाही. वाढतो तो वेगातला दाब, आणि त्यात बॅटरी उकळते. मंद गतीची ही उणीव अल्टरनेटरने दूर केली. म्हणून अनेक जण अल्टरनेटर बसवून मोकळे होतात. रोज गाडी वापरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, पण गाडी जतन करायची असेल, तर मला ते पटत नाही.

या देशाला न जुळणाऱ्या जनित्रांचं ओझं नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन एईजीची ५० हर्ट्झची जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन जीईची ६०ची. साकुमाला १९६५मध्ये या दोन विजांना जोडणारं रूपांतर केंद्र उभं राहिलं, तरी मार्च २०११च्या भूकंपानंतर पश्चिमेकडून पूर्वेला सुमारे १० लाख किलोवॉटच पाठवता येत होते. खरेदीच्या वेळी घेतलेला निर्णय शंभर वर्षांनीही लागू राहतो.

नवी पेटी बसवल्यावर डायनॅमोला ध्रुवता द्यावी लागते. लुकासच्या बाबतीत फील्डची तार सोडवून त्या टर्मिनलला बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाचा क्षणभर स्पर्श द्यायचा. ठिणगी उडते, आणि लोखंडात उरणारं चुंबकत्व गाडीच्या अर्थप्रमाणे दिशा घेतं. मग बॅटरीचा भार सोडवून, इंजिनाची गती हळूहळू वाढवत दाब मोजायचा. हे पेटी थंड असतानाच, अर्ध्या मिनिटात उरकायचं, कारण वेटोळी तापली की आकडा सरकतो. होक्काइदोच्या हिवाळ्यात आणि ओकिनावाच्या उन्हाळ्यात तो एकच नसतो. म्हणून पुस्तिकेत तापमानागणिक वेगळे आकडे छापलेले असतात.