खुशाली विचारणारा माणूस



एस्तेर पोरकी होती. चुलतभाऊ मर्दखय याने तिला मुलगी मानून वाढवले. पुढे ती राजवाड्यात गेली, तरी तो रोज अंगणासमोर फेऱ्या घालून तिची खुशाली घेत असे.

पोरक्या मुलाची जागा आश्रमातच असते असे आपण धरून चालतो. पण शासनाच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत (२०२२) आजी, मामा, काका यांच्याकडे वाढणाऱ्या पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद आहे. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी. मात्र थकलेल्या आजीला कागदपत्रे कोण जमवून देणार? ते काम आपले आहे.

पैशाने फी भरते, ताट भरते. पण “आज शाळेत काय झाले?” असे विचारणारे कोणी असले की घराला घरपण येते. आणि उपकाराची एकदा जरी आठवण करून दिली, तर तेच घर मुलाला परके होते.

बाप्तिस्म्याने आपणही देवाची दत्तक लेकरे झालो. पित्याने आपल्याकडे कधी खर्चाचा हिशेब मागितला नाही. या आठवड्यात आपल्या आळीतील अशा एका घरी जाऊ या, मुलाला नावाने हाक मारू या. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ या.