स्पर्धा आणि साथ

दुसऱ्याहून सरस ठरण्याची इच्छा सत्कर्माला मलिन करते काय? हा प्रश्न केवळ विरक्तांचा नव्हे. ज्याला भावांबरोबर घर चालवावयाचे आहे, सहकाऱ्यांबरोबर काम करावयाचे आहे, त्या गृहस्थाचाही तो आहे. संगीतातील एका उदाहरणाने त्याचा विचार करू.

५ डिसेंबर १९८० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को नगरीत, वॉरफील्ड नाट्यगृहात, तीन गिटारवादक एकत्र आले : स्पेनचे पाको दे लुसिया, इंग्लंडचे जॉन मॅक्लॉफ्लिन आणि अमेरिकेचे अल दी मिओला. विजेच्या गिटारी नाहीत, तालवाद्य नाही. १९८१ साली निघालेल्या 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' या ध्वनिमुद्रिकेतील पाचांपैकी चार रचना त्या मैफलीतील आहेत.

त्या ऐकताना प्रथम जाणवते ती चढाओढ. एकाने द्रुत तान घेतली की दुसरा अधिक द्रुत तानेने उत्तर देतो आणि श्रोते आरोळ्या ठोकतात. हा अहंकाराचाच खेळ नव्हे काय, असे कोणी विचारील. आक्षेपात तथ्य आहे. वेगाचा मोह वादकांस आहे, तसाच श्रोत्यांसही आहे.

तथापि तान घेणाऱ्यावरून लक्ष काढून ते साथ करणाऱ्याकडे द्यावे. पहिल्या रचनेत पाको आणि दी मिओला दोघेच आहेत. एकाची तान चालू असता दुसरा लय धरून ठेवतो. ताल देणारा अन्य कोणी नाही; त्याने लय किंचित सैल सोडली तर प्रतिस्पर्ध्याची तान तत्काळ कोसळेल. जिंकण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होय. परंतु साथ ढळत नाही. दुसरी रचना दी मिओला व मॅक्लॉफ्लिन यांची, तिसरी मॅक्लॉफ्लिन व पाको यांची. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास एकदा मौन येते. तिघे एकत्र वाजवितात ते त्यानंतरच.

यावरून असे दिसते की, सरस ठरण्याची इच्छा हा स्वतः दोष नव्हे. तिच्यामुळे साधना तीक्ष्ण होते. दुसऱ्याची पाळी आली असता आपला हात ढिला पडला, की तेथे दोष उपजतो. स्पर्धा आणि द्वेष यांतील सीमारेषा हीच. मनुष्याची खरी परीक्षा टाळ्या दुसऱ्याला मिळत असता होते.

श्रोत्याचेही यात एक कर्तव्य आहे. टाळी तानेला मिळते, साथीला क्वचित. ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकता येते, हा तिचा मोठा लाभ. दुसऱ्यांदा ऐकताना साथ करणारा हातच ऐकावा. आणि आपल्या घरी अशी साथ वर्षानुवर्षे कोण करीत आहे, याचाही शोध घ्यावा.