मिशनचे यजमान

ख्रिस्ती मिशनरी परमुलखात पाऊल ठेवतो तेव्हा तो देणारा नसतो, घेणारा असतो. त्याला वाट ठाऊक नसते, बोली येत नसते, तिथले पाणी पचत नसते. कुणीतरी ओसरी मोकळी करून देतो, कुणीतरी दोन घास वाढतो, कुणीतरी नदीचा उतार दाखवतो, आणि मग कुठे त्याचे काम सुरू होते. मिशनच्या अहवालांत मात्र हा क्रम उलटा दिसतो. किती शाळा काढल्या, किती पुस्तके वाटली, किती जणांनी बाप्तिस्मा घेतला, ही दिल्याची यादी तपशीलवार असते. घेतल्याची बाजू बहुधा एका वाक्यात उरकते, की देवाने आमची सोय केली. श्रद्धावंताने देवाचे आभार मानावेत, त्यात गैर काहीच नाही. पण जेवण कुणाच्या चुलीवर शिजले होते हे लिहायला काय हरकत होती? माझे म्हणणे असे की अनोळखी लोकांनी केलेला पाहुणचार हा मिशनच्या इतिहासातला सुखद किस्सा नव्हे, तो त्या इतिहासाचा पाया आहे. मिशनचे मोल ठरवायचे असेल तर मिशनरी शिक्षक म्हणून किंवा डॉक्टर म्हणून कसा होता, याआधी पाहुणा म्हणून कसा वागला हे विचारायला हवे.

ही कसोटी बाहेरून लादलेली नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना गावोगाव पाठवतो, तेव्हा थैली, झोळी, वहाणा यांतले काहीच सोबत घेऊ देत नाही. ज्या घरी स्वागत होईल तिथेच राहायचे, पुढ्यात येईल ते खायचे, घरे बदलत हिंडायचे नाही. म्हणजे शिष्याने यजमानावर अवलंबून राहावे अशीच ती योजना आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या लूकच्याच पुस्तकाच्या शेवटी पौलाचे जहाज माल्टाच्या किनाऱ्याला लागून फुटते. थंडीपावसात भिजलेल्या 276 माणसांसाठी तिथले लोक शेकोटी पेटवतात, बेटाचा प्रमुख तीन दिवस त्यांचा पाहुणचार करतो आणि निघताना प्रवासाची शिदोरीही बांधून दिली जाते. त्या लोकांना येशू ठाऊक नव्हता आणि पौलही नव्हता. पौल तिथे आजाऱ्यांना बरे करतो हे खरे, पण शेकोटी त्याआधी पेटलेली आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी: माल्टात कुणी नवा धर्म स्वीकारला असे लूक कुठेच म्हणत नाही. एवढ्या उत्साही इतिहासकाराने ही बाब गाळली असेल असे वाटत नाही.

पुढच्या शतकांतले मिशनरी थैली घेऊन निघाले, जहाजांतून निघाले, आणि त्यांच्या पाठीशी राजे आणि व्यापारी कंपन्या होत्या. तरीही उतरल्यावरची स्थिती फारशी बदलली नाही. 1706 मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शौ हे दोन जर्मन तरुण तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला आले, तेव्हा तिथल्या डॅनिश वसाहतीच्या प्रमुखानेच त्यांच्याकडे पाठ फिरवली; 1708 मध्ये तर झीगेनबाल्गला काही महिने कोठडीत डांबले. तमिळ अक्षरे मात्र त्यांनी एका स्थानिक पंतोजींच्या शाळेतल्या पोरांच्या रांगेत बसून, वाळूत गिरवून शिकून घेतली. स्वधर्मीयांनी दार लावून घेतले आणि परधर्मीयाने शेजारी बसवून घेतले, हा प्रकार मिशनच्या इतिहासात वाटतो त्याहून अधिक वेळा घडला आहे.

पण सगळ्यात बोलके उदाहरण डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे, कारण त्याची कीर्ती एकट्या धाडसी माणसाची आहे. लंडन मिशनरी सोसायटीकडून त्याला वर्षाला शंभर पौंड मिळत. एवढ्या पैशांत आफ्रिका खंड ओलांडता येत नाही. 1853 च्या नोव्हेंबरात चोबे नदीच्या दलदलीतल्या लिन्यांतीहून तो पश्चिमेकडे निघाला, तो माकोलोलोंचा तरुण राजा सेकेलेतू याच्या खर्चाने. सत्तावीस माणसे, बैल, होड्या, विकायला हस्तिदंत, सारे राजाने दिलेले. 31 मे 1854 ला ही तुकडी अटलांटिक किनाऱ्यावरच्या लुआंडाला पोहोचली, तेव्हा लिव्हिंग्स्टन ताप आणि हगवणीने खंगला होता. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याला घरी ठेवून घेतले. तो बरा होईपर्यंत सोबतच्या माणसांनी जळाऊ लाकडे तोडून विकली, बंदरात जहाजातला कोळसा उतरवला. ब्रिटिश आरमाराच्या जहाजाने थेट मायदेशी जायची संधी त्याच्यापुढे होती. ती त्याने नाकारली, कारण या सत्तावीस जणांना घरी पोहोचवण्याचा शब्द त्याने दिला होता. तो त्यांच्याबरोबर परतला आणि सप्टेंबर 1855 मध्ये सारे लिन्यांतीत सुखरूप होते. माझ्या मते लिव्हिंग्स्टनच्या आयुष्यातले हे सर्वांत ख्रिस्ती कृत्य आहे, आणि ते प्रवचनाचे नाही, पाहुण्याने यजमानाला दिलेला शब्द पाळण्याचे आहे. त्यानंतर सेकेलेतूने पुन्हा शंभराहून अधिक माणसे देऊन त्याला पूर्वेकडे धाडले. ज्याला आपण व्हिक्टोरिया धबधबा म्हणतो तो लिव्हिंग्स्टनने याच प्रवासात, माकोलोलोंच्या होडीतून पाहिला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा पाहुणचार कसला, हा तर व्यवहार. सेकेलेतूला समुद्रापर्यंतची व्यापाराची वाट हवी होती, बंदुका हव्या होत्या. शिवाय लिव्हिंग्स्टनच्या सासऱ्याची न्देबेले राजाशी मैत्री असल्याने हा पाहुणा जवळ राहिला तर त्या शत्रूची धाड टळेल, असाही त्याचा अंदाज होता. वाटेतल्या चोक्वे सरदारांनी तर पुढे जाऊ देण्याबद्दल माणूस, बैल किंवा बंदूक असा उघड जकातीचा आकडाच सांगितला. हे सगळे खरे आहे. दक्षिणेला बासूतोंचा राजा मोशोशो यानेही गायी पाठवून मिशनरी मागवले होते, आणि 1833 मध्ये कझालिस, आर्बूसे व गोसलँ हे तीन फ्रेंच तरुण आले तेव्हा त्यांना मोरिजाची जागा देण्यामागे त्याचा हिशेब पक्का होता. लुटारू टोळ्यांनी आणि पुढे बोअर शेतकऱ्यांनी वेढलेल्या राज्याला बाहेरच्या जगाची भाषा जाणणारी माणसे हवी होती. पण हेतूमुळे देणे बाद ठरत असेल, तर तोच नियम दुसऱ्या बाजूलाही लावावा लागेल. रुग्ण ख्रिस्ती होईल या आशेने चालवलेला दवाखाना मग सेवा कसा ठरेल? आपल्या हेतूला आपण ध्येय म्हणायचे आणि यजमानाच्या हेतूला स्वार्थ, हा न्याय एकतर्फी आहे. घरात घेतलेल्या माणसाकडून यजमान काही अपेक्षा ठेवतो, याने घर दिलेले खोटे होत नाही.

आणि ज्यात कसलाही लाभ संभवत नाही असे देणेही या इतिहासात आहे. 1873 च्या पावसाळ्याअखेर बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीतून मरणोन्मुख लिव्हिंग्स्टनला डोलीत घालून त्याचे सोबती चितांबो नावाच्या सरदाराच्या गावात आले. हा भाग आज झांबियात आहे. गावाने जागा दिली, झोपडी उभी राहिली, आणि मे महिन्याच्या आरंभी तो तिथे वारला. परक्याचे प्रेत गावात असणे हे अशुभ, त्याचा दंड जबर असेल, या भीतीने सोबत्यांनी आधी मृत्यू लपवला. चितांबोला कळले तेव्हा तो त्यांच्यावर रागावला, पण लपवल्याबद्दल. आपण स्वतः किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो आहोत, तुमच्या मनात वाईट नाही हे समजते, असे त्याने सांगितले. प्रेत इथेच पुरा, असा त्याचा सल्ला होता. सोबत्यांनी ऐकले नाही तेव्हा गावाबाहेर कुंपण घालून देह मिठाने आणि उन्हाने सुकवायला त्याने मुभा दिली, आणि गावच्या लोकांसह येऊन रीतसर शोकही केला. मृत गोऱ्या माणसाकडून चितांबोला काय मिळणार होते? बंदूक नाही, व्यापार नाही, शाळाही नाही. उलट संकट ओढवण्याचीच शक्यता जास्त होती, कारण गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तो सगळा मुलूख तेव्हा नासवला होता.

ज्यांनी तो देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला, त्यांचा आपल्या मुलखाशी संबंध आहे आणि तो मराठी वाचकाला क्वचितच सांगितला जातो. चुमा हा गुलामगिरीतून सुटलेला मुलगा 1864 मध्ये लिव्हिंग्स्टनने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला ठेवला होता. चितांबोच्या गावात काळजाच्या दफनाची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत वाढलेला; अरबी जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकी मुलांची ती शाळा होती. ही मुले नाशिकला पाहुणी नव्हती, विस्थापित होती, आणि त्यांना मिळालेला निवारा मिशनने दिलेला होता हे मान्यच करायला हवे. मिशनने काही दिलेच नाही असा माझा दावा नाही. दिलेले आणि घेतलेले एकाच वहीत लिहा, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट दिशेचा: पाहुणचार कुठला, मिशनऱ्यांना लोकांनी ठारही मारले आहे. जॉन विल्यम्स 1839 मध्ये पॅसिफिकमधल्या एरोमांगा बेटावर उतरताच मारला गेला. बिशप पॅटिसन 1871 मध्ये नुकापू बेटावर. पण विल्यम्सच्या आधी एरोमांगाला चंदनाचे व्यापारी येऊन खूनखराबा करून गेले होते, आणि पॅटिसनच्या आधी नुकापूहून मळ्यांसाठी मजूर पळवणाऱ्या जहाजांनी माणसे उचलली होती. म्हणजे अगोदरच्या गोऱ्या पाहुण्यांनी गावाचा विश्वास खाऊन संपवला होता आणि बिल पुढच्याच्या नावावर फाडले गेले. लंडन मिशनरी सोसायटीने पाठवलेल्या आणि 1860 मध्ये लिन्यांतीला पोहोचलेल्या हेल्मोर आणि प्राइस कुटुंबांची गोष्ट अधिक अवघड आहे. तिथल्या मुक्कामात दोन्ही कुटुंबांतली बरीच माणसे दगावली, वाचलेल्यांनी सेकेलेतूवर विष घातल्याचा आणि लुटल्याचा आरोप केला. मृत्यूचे कारण हिवताप असण्याचीच शक्यता खूप मोठी. लुटीचा आरोप मात्र सहज झटकता येत नाही. सेकेलेतू वाट पाहत होता लिव्हिंग्स्टनची, आणि आले भलतेच लोक. पाहुणचार माणसाला केला जातो, संस्थेला नाही, हे लंडनच्या कचेरीच्या लक्षात आले नाही. अर्थात यजमान नेहमीच थोर असतो असे मी म्हणत नाही, आणि म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरा आक्षेप श्रद्धावंताचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्याला आपल्याजवळचे सत्य अनमोल वाटते त्याने यजमानाच्या भिडेखातर गप्प बसावे काय? गप्प राहणे हीच मग कृतघ्नता नव्हे काय? उत्तर असे की बोलण्याला कुणाचीच ना नाही. मोशोशोच्या घरी कझालिस वीसहून अधिक वर्षे आपला धर्म सांगत राहिला, आणि त्याच वेळी राजाची बाहेरची पत्रे लिहीत राहिला. राजाने ऐकले, वाद घातला, काही रूढी बदलल्या, काही टिकवल्या. बाप्तिस्म्याला तो तयार झाला तो अगदी अखेरीस, आणि 1870 च्या मार्चमध्ये ठरलेल्या दिवसापूर्वीच वारला. पाहुण्याने मत मांडावे, यजमानाने ते नाकारावे किंवा उशीर लावावा, यात दोघांचाही मान राहतो. मान जातो तो मायदेशी वर्गणी गोळा करताना, जेव्हा ज्याच्या घरी जेवलो त्याच्याच घराचे वर्णन काळोखाची गुहा असे छापले जाते. देणगीदाराचे मन हलवण्यासाठी यजमानाची बदनामी करणे ही मिशनची जुनी खोड आहे, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. आजच्या छायाचित्रांतही उघडी पोरे दिसतात, त्यांच्या आईने पाहुण्याला पुढे केलेले ताट दिसत नाही.

अनोळखी माणसाला घरात घेणे हा साध्याभोळ्या, मागासलेल्या समाजांचा गुण असतो असेही म्हटले जाते, जणू प्रगती झाली की तो गळून पडतो. हे खरे नाही, आणि त्याचा पुरावा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मागणारे पत्र लिहिले ते रॉयल वाइल्डर यांना. वाइल्डर हे कोल्हापुरात मिशन चालवून परतलेले, म्हणजे कित्येक वर्षे मराठी मुलखाचे पाहुणे. त्यांनी पत्र आपल्या मासिकात छापले, पण मदतीची वाट ख्रिस्ती होण्यातून जाते हे सुचवूनच. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो अंक वाचला आणि कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना घर देऊ केले. 1883 मध्ये आनंदीबाई तिथे पोहोचल्या, हिंदूच राहिल्या, शाकाहारीच राहिल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत आहेत. मराठी माणसांनी कोल्हापुरात वाइल्डर यांना राहू दिले तेव्हा त्यांनी धर्मांतराची अट घातली नव्हती. मिशनऱ्याला न साधलेली परतफेड एका गृहिणीने केली, एवढाच याचा अर्थ मी लावतो.

लिव्हिंग्स्टनचा देह 1874 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. तिथल्या शिळेवर निष्ठावान हातांनी त्याला आणले असा उल्लेख आहे, पण ते हात चुमा, त्याचा सोबती सुसी आणि वेनराइट यांचे होते हे लिहिलेले नाही. चितांबोच्या गावात, जिथे त्याचे काळीज पुरले, तिथल्या झाडावर वेनराइटने मृताच्या नावाखाली सोबत्यांचीही नावे कोरली होती. शरणपूरच्या या विद्यार्थ्याला हिशेब कसा लिहायचा हे ॲबीपेक्षा बरे कळत होते. मात्र चितांबोचे नाव त्यानेही लिहिले नाही.